स्मशानातलं फुकट पार्किंग

दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटं. हे मुद्दाम सांगावं लागतंय, कारण आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या पार्किंगला ते मान्य नाही.

तिथे दोन तासांचे तीन पौंड साठ पेन्स घेतात. पण फाटकावरचा कॅमेरा तुमच्या गाडीचा फोटो काढतो त्या क्षणापासून तास मोजायला लागतात. मग जागा शोधत फिरायचं, सरासरी एकवीस मिनिटं. मग मशीनपुढे रांगेत उभं राहायचं, सात मिनिटं. पुढची बाई चष्मा घरी विसरलेली असेल तर अकरा. तिथून चौदा नंबरच्या वॉर्डापर्यंत चालत नऊ मिनिटं, आणि परत येताना उतार लागतो म्हणून आठ. म्हणजे दोन तासांच्या नावाखाली गिऱ्हाइकाच्या हाती पडतो सव्वा तास. मी छत्तीस वर्षं काउन्सिलात वजनमापांचा तपासनीस होतो. किलोमागे वीस ग्रॅम कमी देणाऱ्या खाटकाला मी कोर्टात उभं केलेलं आहे, आणि तो माझा सख्खा मेव्हणा होता.

त्यामुळे मी दुपारी एक पंचवीसला फाटकात शिरायचो, दोन वाजून दोन मिनिटांनी एनिडच्या पलंगाशी पोचायचो आणि तीन सतराला उठायचो. भेटीची वेळ चारपर्यंत होती. चार तासांची पावती साडेपाच पौंडांना मिळते हे मला ठाऊक होतं. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर, सिस्टर मुलडून, यांनीही ते मला दोनदा सांगितलं होतं.

"राजा, एक पौंड नव्वदसाठी एवढी धावपळ कशाला करतोस?" सिस्टर म्हणाल्या. यॉर्कशायरच्या आमच्या भागात परिचारिका एकाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही राजाच म्हणते आणि अरेतुरे करते, त्यात वावगं काही नसतं.

"सिस्टर, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे," मी म्हणालो. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो."

बोलून गेलो आणि जीभ चावली. पलंगावर एनिड उशीला टेकून खिडकीबाहेर बघत होती.

एनिडला पक्षाघाताचा झटका आला त्याला पाच आठवडे झाले होते. उजवा हात आणि पाय सावकाश का होईना परतत होते, पण पाच आठवड्यांत तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. तिला सगळं कळतं, असं वाणीतज्ज्ञ मिस फॅरार म्हणायच्या. शब्द आत आहेत, ते येतील किंवा येणार नाहीत, आणि यायचे असतील तर लवकर यायला हवेत. पुनर्वसनाच्या वॉर्डात एकच खाट रिकामी होत होती. शुक्रवारी डॉक्टरांची बैठक होती. थोडी तरी वाचा परतल्याची खूण दिसली तर ती खाट एनिडला मिळणार, तिथे दोन महिने रोज शिकवणार आणि मग घरी. खूण दिसली नाही तर शुश्रूषागृह. शुश्रूषागृहातून घरी आलेलं कोणी आमच्या गल्लीत तरी मी पाहिलेलं नाही.

"तुम्ही त्यांच्याशी बोला. रोजचं, घरातलं, काहीही," मिस फॅरार म्हणाल्या.

हे सांगणं सोपं आहे. आमच्या घरात त्रेचाळीस वर्षं एनिड बोलायची आणि मी "हं" म्हणायचो. ही व्यवस्था दोघांनाही पसंत होती. आता "हं" म्हणायलाही समोरून काही येत नव्हतं, तर मी बोलणार तरी काय? हवामान दोन मिनिटांत संपायचं. मग मी पार्किंगबद्दल बोलायला लागलो.

तेवढ्यात पार्किंगवाल्यांचं पत्र आलं. सोबत माझ्या गाडीचे दोन फोटो, येताना आणि जाताना, आणि खाली मजकूर: आपण पार्किंगचं शुल्क न भरता वाहन उभं केलंत, सबब सत्तर पौंड दंड, चौदा दिवसांत भरल्यास चाळीस. शुल्क न भरता! मी! माझ्याकडे पावती होती. ती काढून बघितली, आणि चूक दिसली. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाकावा लागतो. मी जुन्या गाडीचा नंबर टाकला होता. ती गाडी मी एकोणीस वर्षं चालवली, तिचा नंबर बोटांत बसलेला आहे. मशीनपुढे उभा राहून मी शांतपणे, स्वच्छ अक्षरांत, तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या गाडीचं पार्किंग भरून आलो होतो.

आता इथे चाळीस पौंड भरून विषय संपवणारी माणसं जगात असतात. माझी मुलगी जूडिथ त्यांतलीच आहे. ती कार्डिफला राहते.

"बाबा, नंबर द्या, मी ऑनलाइन भरून टाकते."

"खबरदार भरलेस तर!"

"अहो, पण इकडे वेल्समध्ये रुग्णालयात पार्किंग फुकटच असतं. तुम्ही उगीच..."

"मग तुझ्या आईनं तिकडेच येऊन आजारी पडायला हवं होतं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जेवलात का?" मी हो म्हणालो. ते खोटं होतं.

शेजारच्या क्लिफर्ड बूथरॉयडचं मत वेगळं होतं. तो कुंपणाची झाडं कापत होता आणि कात्री न थांबवता त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"भरू नकोस," तो म्हणाला. "अजिबात भरू नकोस. मी सुपरमार्केटचा भरला होता का?"

"मग काय झालं?"

"काय होणार? पत्रं येतात. पहिली काळ्या शाईत, मग लाल शाईत. माणसानं घाबरायचं नाही. एकदा दारात एक जाडा माणूस आला होता."

"मग?"

"मग माझ्या बायकोनं, जीननं, भरला. पण मी भरला नाही."

मी अपील केलं. चार पानी, परिच्छेदांना आकडे घालून, सोबत पावतीची प्रत, जुनी गाडी भंगारात दिल्याचा दाखला आणि एनिड रुग्णालयात असल्याचं पत्र. नऊ दिवसांनी उत्तर आलं की आपण सादर केलेली पावती दुसऱ्या वाहनाची आहे. त्या वाहनाच्या मालकानं अर्ज केल्यास परताव्याचा विचार करता येईल. मी दुसरं अपील केलं. हे सगळं मी एनिडला वाचून दाखवलं, परिच्छेदांच्या आकड्यांसकट. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या खिडकीतून पार्किंगच दिसायचं.

मग सिस्टर मुलडूनना माझी दया आली. जास्त दिवस राहिलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना आठवड्याचा स्वस्त पास मिळतो, असं त्यांनी सांगितलं. हे पहिल्या आठवड्यात का सांगितलं नाही असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कुणी विचारलंच नाही, राजा." अर्जावर वॉर्डाची सही झाली. तो पार्किंग कक्षात द्यायचा होता. कक्ष मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते साडेअकरा उघडा. म्हणजे स्वस्त पार्किंगचा पास आणण्यासाठी मला महाग पार्किंग भरून सकाळी वेगळी खेप घालायची होती. बसनं जावं तर दोन बदलाव्या लागतात आणि दुसरी येणं न येणं ड्रायव्हरच्या मनावर असतं. मी मंगळवारी गेलो. या वेळी गाडीचा नंबर कागदावर लिहून नेला आणि तो तीनदा ताडून पाहिला.

काचेमागे टॉरडॉफ नावाचे गृहस्थ बसले होते. त्यांनी अर्ज बघितला, पडद्यावर काहीतरी बघितलं आणि अर्ज परत सरकवला.

"या गाडीवर दंड आहे. दंड असलेल्या गाडीला पास देता येत नाही."

"पण त्याचं अपील चालू आहे."

"अपील चालू आहे म्हणजे दंड चालू आहे."

"आणि मी दंड भरला तर?"

"तर गुन्हा कबूल. मग सहा महिने पास नाही."

मी काचेपाशी उभा राहिलो. माझ्यामागे सातजण रांगेत होते आणि त्यांच्यापैकी कोणी काहीही बोललं नाही. आमच्याकडे रांगेत बोलत नाहीत, फक्त श्वास मोठ्यानं सोडतात. सातजणांनी सोडला. माझ्या आयुष्यात मी काउंटरच्या त्या बाजूला असायचो. तराजूवर बोट ठेवणाऱ्याला मी "नियम तो नियम" असं सांगायचो, आणि आता ते वाक्य टॉरडॉफ मला सांगत होते, तेही माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात. फार अपमान वाटला. बाहेर येऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

त्याच दुपारी मिस फॅरार मला व्हरांड्यात भेटल्या. शुक्रवार तीन दिवसांवर आला होता.

"काही खूण?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "मिस्टर सग्डेन, एक सांगू? तुम्ही घड्याळाकडे बघता ना, तेव्हा त्या तुमच्याकडे बघतात."

मला हे माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी घड्याळाकडे बघत असायचो. तीन सतरा झाले होते. मी तसाच निघालो, कारण दुसरा दंड झाला असता, आणि उतार उतरताना स्वतःची लाज वाटत होती.

तेव्हा मी ठरवलं की काहीही करून एनिडजवळ चार वाजेपर्यंत बसायचं. साडेपाच पौंड भरून टाकावेत, हे त्याचं साधं सरळ उत्तर. पण टॉरडॉफच्या खिशात एक पेनी जास्त घालायची म्हटलं की माझा हात अडायचा. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि तो मला काढून ठेवता येत नव्हता.

इथे मिसेस पिकल्स मदतीला आल्या. त्या आमच्या समोर राहतात.

"अहो मिस्टर सग्डेन, रुग्णालयाच्या समोर रस्ता ओलांडला की स्मशान आहे ना? आमचे हे तिथेच आहेत, मी दर रविवारी जाते. केवढं मोठं पार्किंग! सगळं फुकट, आणि कोणी काही विचारत नाही. तिथल्या माणसांना विचारायला बरं वाटत नाही."

आमचं स्मशान म्हणजे गुलाबाचे ताटवे, बाकं आणि मागे एक साधीशी विटांची इमारत. गुरुवारी दीड वाजता मी तिथे गाडी लावली. जागा लगेच मिळाली, मशीन नव्हतं, कॅमेरा नव्हता. मन इतकं हलकं झालं की मी गाडीतून उतरून ओव्हरकोटाची बटणं लावत तिथेच क्षणभर उभा राहिलो. ओव्हरकोट काळा होता.

"या साहेब," मागून एक खालच्या पट्टीतला आवाज आला. अंत्यविधी करणाऱ्या मंडळींपैकी एकजण, हातमोजे घातलेला, अदबीनं वाकून उभा होता. "सुरू होतंय. बरं झालं आलात. माणसं फारच कमी आहेत."

आता कोणीही समजूतदार माणूस म्हणाला असता, माफ करा, मी फक्त गाडी लावायला आलोय. ते वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण समोर शवपेटी आत जात होती, तिच्यामागे पाच माणसं होती, आणि एका अनोळखी मृत बाईच्या दारात उभं राहून "फुकट पार्किंगसाठी आलोय" असं म्हणायला माझ्या आईनं मला वाढवलेलं नव्हतं. मी टोपी काढली आणि मान खाली घातली. त्या माणसानं माझ्या कोपराला हलकेच हात लावला आणि मला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. हातात एक घडीचा कागद दिला. त्यावर प्रार्थना छापल्या होत्या आणि पहिल्या पानावर फोटो होता: हिल्डा क्रॅबट्री, समुद्रकिनाऱ्यावर, केशरी टोपी घालून, एवढी खळखळून हसतेय की हातातलं आइसक्रीम तिरकं झालंय.

दोन वाजले. रस्त्यापलीकडे भेटीची वेळ सुरू झाली असणार. मी उठू शकत नव्हतो. सहाजणांतला एक उठून गेला तर ते सगळ्यांना दिसलं असतं. दोन स्तोत्रं झाली. सहाजणांत मोठ्यानं म्हणणारा मी एकटाच, कारण बाकीचे रडत होते. हिल्डाबाई हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोलिंगचा खेळ खेळायच्या आणि आपल्या चेंडूंना नावं द्यायच्या, हे मला कळलं. त्या बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि एकदा त्यांनी शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला गाजरं सोलायला बसवलं होतं. चाळीस मिनिटांत मला ती बाई आवडायला लागली.

बाहेर पडताना तिचे यजमान दाराशी उभे होते. उंच, वाकलेले, कोट अंगावर सैल झालेला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही आलात. तिला कसं ओळखत होता?"

"इथलीच ओळख," मी म्हणालो. याहून खरं मला काही सुचलं नाही.

"बोलायची फार, नाही?"

"हो," मी म्हणालो.

"मी म्हणायचो, अगं जरा गप्प बस, बातम्या ऐकू दे." त्यांनी माझा हात सोडला नाही. "आता बातम्या ऐकतो. सगळ्या ऐकू येतात."

त्यांनी मला पुष्पचक्रं दाखवायला नेलं. आमच्याकडे फुलांवरच्या चिठ्ठ्या वाचतात, एकेक, सावकाश. मी सगळ्या वाचल्या. मागे हॉलमध्ये चहा आणि हॅमचे सँडविच होते आणि मला आग्रह चालला होता. तो कसाबसा मोडून रस्ता ओलांडला तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. पाच आठवड्यांत याच वेळी मी वॉर्डातून खाली उतरत असे. आज मी चढाला लागलो, आणि एकाहत्तराव्या वर्षी धावता येईल तेवढा धावलो.

एनिड दाराकडे बघत होती. खिडकीकडे नाही, दाराकडे. मी खुर्चीत बसलो, दम लागला होता, बोलता येईना. चष्मा पुसायला रुमाल काढला तर त्याच्याबरोबर तो घडीचा कागद पांघरुणावर पडला. एनिडनं डावा हात पुढे केला आणि तो उचलला. केशरी टोपीवाल्या बाईकडे बघितलं. मग माझ्या काळ्या कोटाकडे, माझ्या लाल झालेल्या तोंडाकडे, आणि पुन्हा त्या बाईकडे. ही नजर मी ओळखतो. एकोणीसशे ब्याण्णवच्या ख्रिसमसला, काउन्सिलच्या टायपिस्टनं मला मफलर दिला तेव्हा मी ती शेवटची पाहिली होती.

तिचे ओठ हलले. घशातून काहीतरी खरखरीत बाहेर आलं. मग, अगदी स्पष्ट:

"कोण... ही?"

खरं म्हणजे मी सिस्टरला हाक मारायला हवी होती. मिस फॅरारना शोधायला हवं होतं. पण त्रेचाळीस वर्षांची सवय, बायकोनं असं विचारलं की आधी उत्तर द्यायचं.

"हिल्डा," मी म्हणालो. "हिल्डा क्रॅबट्री."

"कोण... हिल्डा?"

"मला माहीत नाही."

याहून वाईट उत्तर मी उभ्या संसारात दिलेलं नाही. एनिडच्या भुवया वर गेल्या, दोन्ही, उजवीसुद्धा. पलीकडच्या पलंगाशी उभ्या असलेल्या सिस्टर मुलडून हातातली औषधाची वाटी तशीच धरून वळल्या होत्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि बाहेर, फोनच्या दिशेनं गेल्या. मला शुक्रवार आठवला, ती खाट आठवली, आणि डोळे भरून आले, ते मी काही लपवले नाहीत.

"एनिड, ती बाई वारली आहे. मी तिला कधी भेटलोच नाही. फक्त तिच्या अंत्यविधीला जाऊन आलो."

तिनं बराच वेळ विचार केला. शब्द शोधताना तिच्या कपाळावर आठी पडली.

"का?"

सांगायला चार पानं होती, परिच्छेदांना आकडे घालून. मी त्यांतलं काहीही बोललो नाही.

"तुझ्याजवळ जास्त वेळ बसता यावं म्हणून," मी म्हणालो. "आणि म्हणून आज उशीर झाला."

एनिड माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. तिनं तो कागद पांघरुणावर सरळ केला, हिल्डाबाईंच्या फोटोवर बोट ठेवलं आणि मला म्हणाली,

"सांग."

मी सुरुवात केली. चेंडूंची नावं, गाजरं, ते अधिकारी. जे ऐकलं होतं ते संपलं तेव्हा जे ऐकलं नव्हतं तेही सांगितलं. मी इतका बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मध्येच कधीतरी मिस फॅरार आल्या आणि पडद्याजवळ उभ्या राहून भराभर काहीतरी लिहून घेऊ लागल्या. चारची घंटा झाली, माणसं उठून गेली, सिस्टर मुलडून दोनदा आमच्या समोरून गेल्या आणि दोन्ही वेळा त्यांना मी दिसलो नाही. स्मशानाचं फाटक पाच वाजता बंद करून कुलूप घालतात, तशी पाटी मी येताना वाचली होती. पावणेपाच झाले तेव्हा हिल्डाबाई आइसक्रीम घेऊन समुद्रकिनाऱ्यावर निघाल्या होत्या, आणि एनिड म्हणाली, "मग?"